गोणीतले दगड

प्रिय मृणाली,

पत्र बघून आधी हसशील. हल्ली पत्र कोण लिहितं, आणि आमच्या कोन गावाला पोस्टमन येतो तरी का, असं म्हणशील. येतो, मी विचारून घेतलंय. फोनवरच लिहिणार होते, पण फोनवर लिहिलेल्याचं काय होतं ते आपण दोघींनी बघितलंय. एक जण स्क्रीनशॉट मारतो आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत ते सगळ्या कॉलेजभर फिरून येतं. कागद निदान फाडला की फाटतो. वाचून झाल्यावर बिनधास्त फाड. आधी मात्र नको, तेवढं माझ्यासाठी कर.

आधी घरची खबर देते, नाहीतर म्हणशील एकदम रडगाणंच लावलं. बाबांची एसटी डेपोतली ड्युटी तशीच आहे. उन्हाळा असल्यामुळे वज्रेश्वरीच्या गाड्या भरभरून जातात आणि परत येताना काहीतरी मोडून येतात, त्यामुळे बाबा घरी येतात ते कोपरापर्यंत ग्रीस घेऊनच. आईचे गुडघे बोलतात, बाकी ती बरी आहे. तुझा डबा अजून आमच्याकडेच आहे, तुझ्या आईने जवळ्याची चटणी दिली होती तो. रिकामा डबा कोणाच्या घरी परत पाठवायचा नसतो, म्हणून आई अधूनमधून विचारते, काही करून भरू का, नेऊन देशील का. मी नको म्हणते. मग ती तो पुन्हा घासते आणि फळीवर ठेवते. का नको ते तिने अजून विचारलेलं नाही. माझ्या आईला सगळं कळतं आणि ती काही बोलत नाही, हे तुला माहीतच आहे.

कॉलेजातली आपली एनएसएसची खोली बंद आहे. जिन्याखालची. आत आपली घमेली, फावडी, ते डेंगूचं बॅनर ज्यावर तू डासाला मिशा काढल्या होत्यास, सगळं आतच. दारासमोर मोडके बाक रचून ठेवलेत, म्हणजे तिथे कधी दार होतं हे पुढच्या पोरांना कळायलाही नको. शेवटच्या पेपरच्या दिवशी एफवायच्या दोन पोरी मला पोर्चमध्ये भेटल्या. दीदी, पुढच्या वर्षी एनएसएसला नाव द्यायचंय, कोणाकडे द्यायचं, असं विचारत होत्या. त्यांना माहीत नव्हतं मी कोण. मला इतकं भरून आलं की मी त्यांना म्हटलं, चला चहा पिऊ. त्या घाबरून निघून गेल्या. बरोबरच आहे, अनोळखी बाई एकदम चहा पाजायला निघाली तर कोणीही पळेल.

त्यांच्याकडे बघून मला आपला पहिला दिवस आठवला. मी तेव्हा काय होते सांगू? लेक्चर संपलं की धामणकर नाक्यापर्यंत नजर खाली आणि पाय भराभर. कॉलेज म्हणजे बाक, फळा आणि घर. तू त्याच पोर्चमध्ये टेबल टाकून बसली होतीस, स्वतःच एफवायला, आठवडाही झाला नव्हता, पण रुबाब असा की प्राचार्य तुला विचारून आत जातात. माझ्या हातात पेन कोंबलंस आणि म्हणालीस, तोंडावरून शहाणी दिसतेस, नाव लिही. मी म्हटलं, विचार करून सांगते. तू म्हणालीस, विचार करणाऱ्या खूप आहेत, काम करणारी एक पाहिजे. मी नाव लिहिलं, तू ते मोठ्याने वाचलंस, धम्मदिना, आणि लगेच म्हणालीस, एवढं मोठं नाव हाक मारायला परवडणार नाही, आजपासून तू दिना. माझं नाव पहिल्यांदा ऐकून लोक एक क्षण थांबतात, मृणाली. त्या क्षणात ते माझी सगळी माहिती काढतात. तू थांबली नव्हतीस. मी तुझ्यावर जीव टाकला तो तिथेच.

मग काय, आपण त्या कॉलेजात राहायलाच गेलो. रक्तदान शिबिरात तू सगळ्यांना धीर देत फिरलीस आणि सुई बघून स्वतःच आडवी झालीस. डेपोसमोरच्या पथनाट्यात मी प्लास्टिकची पिशवी झाले होते, आणि एक रिक्षावाला शेवटपर्यंत थांबून म्हणाला, बेटा, एक्टिंग अच्छा है, लेकिन ट्राफिक खोलो. सकाळी तुझी शेअर रिक्षा कोनहून सुटली की तू मला एक मिस कॉल द्यायचीस. एक रिंग, कट. म्हणजे निघाले, तूही नीघ. अडीच वर्षं त्या एका रिंगवर मी घराबाहेर पडले. आई म्हणायची, तुझ्यासाठी कोंबडा कोनला आरवतो.

आणि दुसऱ्या वर्षाअखेरीस आपलं युनिट बघणाऱ्या विपुल सरांनी लीडरसाठी आपल्या दोघींची नावं घेतली, तेव्हा तू उभी राहिलीस. सगळ्यांना वाटलं, आता ही स्वतःसाठी बोलणार. तू म्हणालीस, सर, दिनाला करा, मला ओरडता येतं, तिला ऐकता येतं. मी घरी जाऊन बाबांना ते जसंच्या तसं सांगितलं. बाबा हातातलं ग्रीस पुसत होते, पुसतच राहिले. त्यांना वाटलं, आपली पोरगी पुढारी झाली. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

शिबिराचं आता लिहायला घेते. तुला नको असेल, मलाही नकोय, पण त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तू आणि मी एकाच शिबिरात होतो, एवढं तरी आपलं एकमत असेल. अंबाडीच्या पुढचा वडपाडा, शाळेच्या वर्गांत मुक्काम, सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक आणि त्यात सगळ्यांच्या डुलक्या. ओढ्यावर बंधारा बांधायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या भरायच्या, तोंड शिवायचं आणि पाण्यात आडव्या रचायच्या. गोण्या शिवायचं काम मी घेतलं. आई गोडाऊनला गोण्या शिवायला जायची तेव्हापासून दाभण माझ्या हातातलं. तुझ्या गटाकडे भराई. नुसत्या मातीच्या गोण्या धारेत टिकत नव्हत्या, खाली वजन पाहिजे होतं. तेव्हा तू ऐनाच्या झाडाखालचा तो दगडांचा ढीग बघून आलीस. गोल, गुळगुळीत, हाताशी आलेले दगड. मी दाभण खाली ठेवलं आणि तुला म्हटलं, आधी पाड्यातल्या कोणाला तरी विचार, मग हात लाव. तू गेलीस. थोड्या वेळाने वरच्या रस्त्यावरून अंगठा दाखवलास. मी मान हलवली आणि शिवायला लागले. तुझ्या गटाने दगड भरले, मी तोंडं शिवली. एकेक टाका घट्ट. आपण किती गाणी म्हटली त्या दुपारी.

शेवटच्या दिवशी पाणी अडलं. नारळ फुटला, गावातून दाजी आले, त्यांच्या गळ्यात हार पडला, फोटो निघाले. आणि त्या पाड्यातली गुणाबाई लेकीकडून परत आली. पाड्यातली धडधाकट माणसं त्या दिवसांत सगळी वीटभट्टीवर होती, मागे राहिलेली म्हातारी माणसं ओढ्याकडे उतरतच नव्हती, म्हणून तोवर कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती झाडाखाली उभी राहिली, बोचकं खाली ठेवलं आणि बसली. मी पाणी घेऊन गेले तर मला अगदी साधेपणाने विचारलं, बाय, आमचे दगड कुठं ठेवलेस?

ते देव नव्हते, मृणाली. देव असते तर शेंदूर असता, आपल्याला कळलं असतं. पाड्यातलं जे माणूस बाहेर मरतं, भट्टीवर नाहीतर रस्त्यावर, आणि ज्याला घरी आणणं होत नाही, त्याच्या नावाने घरातलं कोणीतरी ओढ्यातून एक दगड आणून तिथे ठेवतं. नाव नाही, खूण नाही. ज्याचा त्याला ओळखू येतो. गुणाबाईचे दोन होते, नवरा आणि थोरला मुलगा. आपण सगळे एकत्र केले, गोण्यांत भरले, आणि त्यावर पाणी सोडलं. आता कोणाचा कुठला ते कोणालाच सांगता यायचं नाही. गुणाबाईने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत येताना टेम्पोत तू माझ्या शेजारी होतीस. इंजिनाचा नुसता खडखडाट होता. तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं. तू रडत होतीस आणि माझ्या कानात म्हणालीस, मी दाजींना विचारलं होतं गं, ते म्हणाले न्या, पडलेलेच दगड हाय ते. मी तुझा हात धरला. म्हटलं, जबाबदारी लीडरची असते, तू घाबरू नकोस. दाजी तुझ्या मावशीचे सासरे. त्यांच्याच शब्दावर आपल्याला शाळा राहायला मिळाली होती. तू दिसेल त्या वडीलधाऱ्याला विचारलंस, आणि आपल्याकडे वडीलधारा म्हणजे ज्याला हार घालतात तो. दाजी गावातले. पाडा त्यांचा नाही, पाड्यातलं मेलेलं माणूसही त्यांचं नाही. पण तू विचारलं होतंस. एवढं मी उराशी धरून घरी आले.

पुढचं तुला माहीत आहे, तरी माझ्या बाजूने एकदा ऐक. पाड्यातून कोणी तक्रार केली नाही. ती आली कुठून तर एका व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजमधून, आमच्या श्रद्धास्थानाची विटंबना, आणि खाली माझं पूर्ण नाव. तुझं नव्हतं, गटातल्या कोणाचंच नव्हतं. ज्यांनी जन्मात वडपाडा बघितला नाही, त्यांना एका रात्रीत त्या दगडांचा पुळका आला. प्राचार्यांच्या केबिनमध्ये आपल्या दोघींना बोलावलं, तेव्हा तिथे संस्थेचे एक जण बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, ह्या लोकांना आपल्या देवाधर्माचं काय, ह्यांना फोडायलाच शिकवलंय. मृणाली, मी पहिली ते पंधरावी हे वेगवेगळ्या तोंडांनी ऐकलंय, त्याची मला सवय आहे. मला सवय नव्हती ती पुढच्या गोष्टीची.

मी सांगितलं, सर, आम्ही विचारून घेतले होते. प्राचार्य म्हणाले, कोणाला? मी तुझ्याकडे बघितलं. दाजींचं नाव मी घेतलं असतं तर आता म्हाताऱ्यावर ढकलते असं झालं असतं, मी तिथे नव्हते. नाव तूच घ्यायचं होतंस. तू ओढणीच्या गोंड्यांशी खेळत होतीस. मग म्हणालीस, मला नीट आठवत नाही, सर. विपुल सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या नोकरीची ऑर्डर दरवर्षी नव्याने निघते, त्यांना मी दोष देत नाही. माझं पद गेलं आणि आपल्या खोलीला कुलूप लागलं.

मी तुलाही समजून घेतलं, खरं सांगते. त्या दिवशीच नाही, त्या दिवशी मी तुला मनात जे बोलले ते तुझ्या आईसमोर बोलता यायचं नाही. पण नंतर समजून घेतलं. तुझ्या मावशीला त्या घरात नांदायचंय. दाजींचं नाव तुझ्या तोंडून बाहेर पडलं असतं तर तिचं काय झालं असतं ते मला कळतं. मी ठरवलं, दोन दिवस थांबू, ती फोन करेल. मग ठरवलं, परीक्षा झाल्यावर करेल. तू ग्रुप सोडलास. वर्गात पुढच्या बाकावर बसायला लागलीस, म्हणजे मागे वळून बघायला नको. सकाळची रिंग बंद झाली. मी मात्र रोज त्याच वेळी चप्पल घालून दारात उभी राहायचे. आई कोंबड्याचं काही म्हणायची नाही.

आखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी वडपाड्याला गेले. एकटीच. बाबांनी गाडीत बसवून दिलं, खिडकीतून म्हणाले, जा, पण काही बोलू नकोस, नुसती बस. त्या दिवशी पाड्यातले लोक दगडांसमोर पाणी आणि भात ठेवून एकेकाला नावाने बोलावतात. कॉलेजवाल्यांनी मध्यंतरी म्हणे जेसीबी पाठवायची तयारी केली होती, बंधारा फोडून दगड परत मांडायचे, फोटो काढायचे. बायकांनीच नको म्हटलं. गुणाबाई म्हणाली, पानी आलाय, ऱ्हाऊ द्या, जित्यांना लागतो. अजून गुडघाभर पाणी आहे तिथे. बाकीच्या बायका गोण्यांवरून पाय ठेवून पलीकडे जातात, गुणाबाई जात नाही. ती हंडा घेऊन लांबून वळसा घालते. आखातीला सगळे ओढ्याच्या काठाला बसले आणि पाण्याकडे तोंड करून नावं घेतली. आधी मोठ्याने, मग मोठ्याने जमेना. माझे टाके पाण्यात दिसत होते. एकही सुटलेला नाही.

उठताना गुणाबाईने मला विचारलं, बाय, नेताना कुनाला इचारलं व्हतं का तुमी? रागाने नाही. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. आणि मी हो म्हणायला तोंड उघडलं, तर हो निघेना. मला एकदम वाटलं, विचारलं होतं का? मी तुला खरंच सांगितलं होतं का, की नंतर मनात तसं जुळवलं? तू अंगठा दाखवलास तो ह्याला की दुसऱ्याच कशाला? आणि टेम्पोत इंजिनाचा एवढा आवाज, तू रडत होतीस, त्यात काही बोललीसच नसशील तर? पाच महिने सगळं जग एक सांगतंय आणि मी एकटी दुसरं धरून बसलेय. घरी आल्यावर आईनेही विचारलं, तू तिला विचारायला सांगितलं होतंस ना गं, नक्की? माझी आई, जी कधी विचारत नाही. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी हरले तर हरले, पदाचं काही नाही, कॉलेज तर संपलंच. पण माझं डोकं माझं राहिलेलं नाही, मृणाली. रोज मी तो टेम्पो पुन्हा आठवते आणि रोज त्यातला तुझा आवाज थोडा कमी होतो.

आता कशासाठी लिहिलं ते सांगते. सोमवारी मला कॉलेजात बोलावलंय. एका कागदावर सही करायची आहे, की लीडर म्हणून मी कोणाचीही परवानगी न घेता ते दगड उचलायला लावले. ती केली की मला चारित्र्याचा दाखला मिळेल, पुढचा प्रवेश घेता येईल, आणि आपली खोली उघडेल. त्या दोन पोरींना नाव द्यायला जागा होईल. मी सही करणार आहे. तू येऊन काही सांगावंस असं मी म्हणत नाही, दाजींचं नाव माझ्या तोंडून कधी निघणार नाही. मला फक्त हे कळायला हवं की सही करताना मी खोटं लिहितेय की खरं. खोटं असेल तर मी ते सहन करीन, ते मी जाणूनबुजून केलेलं असेल. खरं असेल तर मग माझ्याजवळ काहीच उरत नाही. ह्याला साक्षीदार जगात तू एकटी आहेस. तुला काही लिहायला नको, बोलायला नको. सोमवारी सकाळी, तुझी रिक्षा सुटायची त्या वेळी, एक मिस कॉल दे. एक रिंग, कट. मी उचलणार नाही, त्याचा स्क्रीनशॉट कोणी मारला तरी त्यातून कोणाला काही कळायचं नाही. मी चप्पल घालून दारात उभी असेन. नाही वाजला तरी मी निघेन, आता उशीर करून चालत नाही.

डबा आईने परत घासलाय.

अजून तरी तुझीच,
दिना